वकील सेर्मेन्योची विजार

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ अमर असते. राजे जातात, राजवाडे जळतात, कवितांना वाळवी लागते. पण तांब्यावरची रेघ आपल्या कर्त्याचं नाव युगानुयुगं सांगत राहते. हे वाक्य इलारिओ बास्कुन्याना माद्रिदमध्ये भेटेल त्याला ऐकवत आला होता. प्रत्यक्षात ती रेघ नाहीशी करायला एक खरवडणी, एक घोटणी आणि वरून हुकूम सोडणारं एक मंडळ, एवढं पुरतं. यातल्या पहिल्या दोन वस्तू इलारिओच्या घरीच होत्या. तिसरी दर मंगळवारी मार्किस दे पेन्यासेका यांच्या दिवाणखान्यात जमत असे आणि चॉकलेट पीत असे.

ग्रंथातल्या चित्राखाली दोन नावं असतात. डाव्या कोपऱ्यात, ज्याने चित्र काढलं त्याचं. उजव्या कोपऱ्यात, ज्याने ते तांब्यावर कोरलं त्याचं. लोक डावीकडून वाचायला सुरुवात करतात आणि उजवीकडे पोचेपर्यंत त्यांचं लक्ष उडालेलं असतं. इलारिओ जन्मभर उजव्या कोपऱ्यात राहिला होता. त्याचा बाप तर तिथेच राहून वारला. दुसऱ्यांनी काढलेले संत, दुसऱ्यांनी काढलेल्या सरदारांच्या पोटऱ्या, दुसऱ्यांनी काढलेले घोडे कोरता कोरता इलारिओचे केस पांढरे झाले होते, आणि त्या घोड्यांचे पाय चुकलेले असले तर ते गुपचूप दुरुस्तही त्यानेच केले होते. नाव मात्र डावीकडच्याचं.

म्हणून सद्‌ग्रंथ मंडळाने जेव्हा कोंबड्याच्या खटल्याची ती जुनी, सगळ्या स्पेनची लाडकी विनोदी कादंबरी सचित्र काढायचं ठरवलं, आणि मंडळाचा चित्रकार रोमला गेला तो तिथेच रमला, आणि मार्किस म्हणाले, "उस्ताद, कोर्टाचं चित्र तुम्हीच काढा आणि तुम्हीच कोरा," तेव्हा इलारिओने घरी येऊन बायकोला मिठी मारली. कासिल्दा लावापिएसमधल्या वजडीवाल्याची मुलगी. तिला मिठी मारली की ती आधी त्याचे खिसे तपासायची.

"काय हरवलंस?" तिने विचारलं.

"मिळालाय! डावा कोपरा मिळालाय!"

"बरं झालं. आता तरी रात्री झोपेत बडबडणार नाहीस."

कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची. एक म्हातारी विधवा मरताना आपलं घर आपल्या कोंबड्याच्या नावावर करून जाते. पुतणे ते बळकावतात. दुसरा अशील मिळत नसलेला वकील सेर्मेन्यो त्या कोंबड्याला टोपलीत घालतो आणि न्याय मागत देशभर कोर्टामागून कोर्ट पालथं घालतो. तिच्यासारखं हसवणारं पुस्तक झालं नाही याबद्दल स्पेनमध्ये दुमत नव्हतं. नुकतीच लंडनच्या कुणा लॉर्डने तिची देखणी सचित्र आवृत्ती काढली होती, आणि आपल्या विनोदाला परक्यांनी चांगला कागद वापरावा ही राष्ट्रीय नामुष्की धुऊन काढायला मंडळ स्थापन झालं होतं.

आणि कोर्टाचं चित्र म्हणजे कुठलं, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. टोलेदोचं कोर्ट. वकील सेर्मेन्यो उभा राहतो, हात वर करतो, 'न्याय' हा शब्द उच्चारतो. आणि कोंबडा टोपलीतून उडतो तो थेट न्यायाधीशाच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि आरवतो. वकील त्याला पकडायला टेबलावर चढतो. आणि टेबलावर, सगळ्या कोर्टासमोर, त्याची विजार सुटते. 'त्याची सेर्मेन्योची विजार झाली' म्हणजे भर बाजारात अब्रू गेली, हे माद्रिदमध्ये कोबी विकणारीलाही ठाऊक होतं.

इलारिओला तर अंमळ जास्तच. त्याचं घराणं वॅलेन्सियाकडचं. तिथे बापाच्या स्वयंपाकघरात चुलीमागे रंगीत फरश्या बसवलेल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर हाच प्रसंग होता. पाव दुधात बुडवताना त्याने तो डोळ्यांनी पाठ केला. पुढे सान इसिद्रोच्या जत्रेत कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात दरवर्षी पाहिला. "मी या पुस्तकावर वाढलोय," तो छातीवर हात ठेवून म्हणे. मंडळाने त्याला कादंबरीचा दुसरा खंड संदर्भाला म्हणून दिला होता. तो जाडजूड होता, आणि कोरताना उजेड सौम्य करणारा खिडकीतला कागदी पडदा वाऱ्याने हलू नये म्हणून पडद्याच्या पायाशी कायम ठेवलेला असे.

चित्र झालं. आरशात बघून उलटं करून ते पत्र्यावर उतरलं, आणि पहिला नमुना छापून आला. कासिल्दा कांदा चिरत होती. तिने हात पुसले, कागद उजेडात धरला आणि हसायला लागली. मग टेबलाला धरून हसली. मग खाली बसली.

"न्यायाधीशाचं तोंड बघ," ती म्हणाली, "माझ्या थोरल्या काकाच्या अंगावर उकळत्या वजडीचं पातेलं सांडलं तेव्हा तो असाच दिसत होता. आणि बघ्यांमधली ही कोळीण! अगं बाई, ही तर जबडा निखळून मरणार!"

"आणि विजार?"

"विजारीचं काय बोलू? विजार ती विजार." तिने डोळे पुसले आणि तो नमुना पिठाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाकला, म्हणजे पीठ काढताना रोज दिसेल.

मंगळवारी इलारिओ दुसरा नमुना घेऊन मंडळापुढे उभा राहिला. मध्ये मार्किस. त्यांच्या उजव्या हाताला मंडळाचे सचिव डॉन फुल्हेन्सियो रेकार्ते, ज्यांनी एका शब्दाच्या उगमावर तीन प्रबंध लिहिले होते आणि तिन्हींत वेगवेगळा उगम सिद्ध केला होता. डाव्या हाताला निवृत्त न्यायाधीश साल्सेदो. बाकीचे सदस्य बिस्किटांच्या बाजूला.

कुणी हसलं नाही. कागद हातोहात फिरला, जसा आजाऱ्याच्या लघवीचा नमुना वैद्यांमध्ये फिरावा.

"उस्ताद," शेवटी मार्किस म्हणाले, "विजार फार खाली आलीय."

"सरकार, ती खालीच येते. तिची कीर्ती त्यावरच उभी आहे."

"येऊ दे. पण किती यावी, हा प्रश्न उरतोच."

"आपल्याला मूळ ग्रंथाचा आत्मा जपायचाय," डॉन फुल्हेन्सियो म्हणाले. "आत्म्याला घोटे नसतात. उद्या हे चित्र लंडनला गेलं तर तिथे काय होईल?"

"हसतील, डॉन फुल्हेन्सियो!"

"पाहिलंत? हसतील! स्पेनच्या वकिलाला!"

"अहो, हे विनोदी पुस्तक आहे!"

"अभिजात विनोदी," सचिवांनी दुरुस्त केलं. "विनोदाला हसायचं असतं. अभिजात विनोदाला मान हलवायची असते."

साल्सेदोंनी घसा साफ केला. "मी चाळीस वर्षं न्यायासनावर बसलो. एकाही वकिलाची विजार सुटली नाही."

"आणि कोंबडा, हुजूर?" इलारिओने दात आवळून विचारलं.

"कोंबडे आले नाहीत. आले असते तर दंड केला असता."

ठरलं असं की विजार गुडघ्यापर्यंत यावी. इलारिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डावा कोपरा अजून मोकळा होता. तो घरी आला, खरवडणी घेतली, वकिलाचे घोटे तासले, खड्डा घोटला, आणि पत्रा उलटा करून मागून हातोडीने ठोकून तो भाग परत वर आणला. कारण खड्डा राहिला तर त्यात शाई साठते आणि कागदावर डाग उमटतो. मग नव्या पोटऱ्या कोरल्या. पुढच्या मंगळवारी कळलं की गुडघे स्वतःच अश्लील असतात. विजार मांडीपर्यंत गेली. मग कमरेपर्यंत. मग साल्सेदो म्हणाले की कमरेवर असलेली विजार कुठल्याही क्षणी खाली येऊ शकते, प्रेक्षकाच्या मनात तशी आशंका राहते आणि आशंका हाच अश्लीलतेचा पाया आहे. म्हणून पट्टा आला. पट्टा आला तर तो घट्ट आवळलेला दिसावा, अशी उपसूचना आली.

"मग हा टेबलावर कशाला चढलाय?" कासिल्दाने विचारलं. "विजार दाखवायला?"

"उतरवलाय टेबलावरून," इलारिओ म्हणाला. "आता जमिनीवर उभा राहून बोलतो."

"काय बोलतो?"

"मला काय माहीत काय बोलतो! कोण ऐकतंय!"

विजारीचा निकाल लागल्यावर मंडळाची नजर कोंबड्यावर गेली. न्यायाधीशाच्या डोक्यावर कोंबडा हा न्यायसंस्थेचा उपमर्द आहे, असं साल्सेदोंनी नोंदवलं. कोंबडा खुर्चीच्या पाठीवर आला. तिथे तो न्यायाधीशाच्या कानात काही सांगतोय असं वाटलं, आणि न्यायाधीश बाहेरचा सल्ला घेतो हा आरोप त्याहून गंभीर. कोंबडा टेबलावर आला. टेबलावर कागदपत्रं असतात आणि कोंबड्याचा भरवसा नाही. कोंबडा जमिनीवर आला. जमिनीवर तो वकिलाच्या बाजूला मोकळा उभा राहिला तर बरोबरीचा पक्षकार दिसतो, म्हणून शेवटी टोपलीत गेला.

"पण उघड्या डोळ्यांचा कोंबडा टोपलीत गप्प बसेल?" डॉन फुल्हेन्सियो म्हणाले. "संभवनीयता, उस्ताद! कलेचा पहिला नियम संभवनीयता! डोळे मिटा त्याचे."

"झोपवू?" इलारिओचा आवाज चिरकला. "कोर्टाच्या दृश्यात? कोंबड्याला झोपवू? डॉन फुल्हेन्सियो, या प्रसंगात कोंबडा आरवला नाही तर उरतं काय?"

"मूळ ग्रंथाचा आत्मा," सचिव म्हणाले.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही!"

"ही उपमा सभेच्या वृत्तांतात येणार नाही," मार्किस म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "उस्ताद, आणखी एक. ही हसणारी कोळीण. ही हसताना आमच्या सौभाग्यवतींसारखी दिसते."

"सरकार, मी आपल्या सौभाग्यवतींना आजवर पाहिलेलंच नाही."

"म्हणूनच तर योगायोग संशयास्पद आहे."

कोळीण खिडकीकडे वळली. आता तिची पाठ दिसायची, आणि पाठीला हसू नव्हतं. उरला न्यायाधीश. डोक्यावर काहीच नसताना तो इतका भेदरलेला का, हे कुणाला कळेना. "न्यायाधीश चिंतनात असावा," साल्सेदो म्हणाले. "असा." आणि त्यांनी उजव्या तळहातावर हनुवटी टेकली, पापण्या अर्ध्या मिटल्या आणि खालचा ओठ किंचित सोडला. ते त्या अवस्थेत इतका वेळ राहिले की इलारिओचं रेखाटन पुरं होऊन कागदाची घडीही झाली, तरी त्यांचं चिंतन संपलं नव्हतं.

पत्र्याची मात्र दशा झाली होती. न्यायाधीशाच्या डोक्यावरची जागा इतकी खरवडली, घोटली आणि मागून ठोकली गेली होती की ती काही केल्या साफ छापेना. उडालेल्या कोंबड्याचं भूत तिथे फिकट, गोलसर राखाडी होऊन उमटायचं. इलारिओने ते नजरेआड करायचा प्रयत्न केला. मार्किसांनी बरोबर त्यावरच बोट ठेवलं.

"हे काय?"

इलारिओने तोंड उघडलं.

"न्यायाचं तेज," साल्सेदो भारावून म्हणाले.

"सुंदर," मार्किस म्हणाले. "उस्ताद, शेवटी तुम्हाला कळलं."

त्या दिवशी इलारिओ घरी आला तो थेट चुलीपाशी बसला. कासिल्दाने लसणीच्या सूपचा वाडगा पुढे ठेवला. त्याने तो बाजूला सारला. तिने परत पुढे ठेवला.

"मी नाव काढून घेणार," तो म्हणाला.

"उजवं?"

"डावं."

कासिल्दाचा हात वाडग्यावरच थांबला. "इलारिओ, लग्न झाल्यापासून डावा कोपरा, डावा कोपरा करून माझं डोकं खाल्लंस. माझ्या बापाच्या मयतीतसुद्धा पाद्र्याला तेच सांगत होतास."

"म्हणूनच! एवढी वर्षं थांबलो ते काय असल्या चित्राला बापाचं नाव लावायला? कोर्टात एक माणूस उभा आहे, एक बसलाय, एक बाई पाठ करून आहे आणि एक कोंबडा झोपलाय! हे चित्र आहे? ही शोकसभा आहे! कुणी त्या पुस्तकाचं एक पान उघडलं असतं ना, तर त्यांची जीभ रेटली नसती. मी सांगतो तुला, त्या अख्ख्या दिवाणखान्यात एकानेही ते वाचलेलं नाही! एकानेही!"

"असेल."

"असेल काय असेल! आहेच! आणि 'मूळ ग्रंथाचा आत्मा' म्हणतात, मेले!"

दुसऱ्याच दिवशी चित्राखालची अक्षरं कोरणाऱ्याचा निरोप आला. अक्षरं कोरणं हा वेगळा धंदा, तो माणूस वेगळा. त्याला नावं हवी होती, आणि चित्र कोणत्या पानासमोर बसवायचं तो आकडा हवा होता, कारण बांधणीवाले वाचत नाहीत, आकडा बघतात. इलारिओ निरोप ऐकता ऐकता उठून उभा राहिला. खिडकीपाशी गेला, पडद्याच्या पायाशी असलेला खंड उचलला आणि त्यावरची धूळ फुंकली. पडदा वाऱ्याने फडफडायला लागला.

"आकडा हवाय ना? आकडा त्यांनाच काढायला लावतो. भर सभेत! हा प्रसंग त्यांच्या त्या फुल्हेन्सियोलाच मोठ्याने वाचायला लावतो. विजार वाचताना त्याचं तोंड मला बघायचंय."

"आधी पान तरी शोधून ठेव," कासिल्दा म्हणाली. "नाहीतर तिथे उभा राहून पानं चाळत बसशील."

"प्रकरण सापडलं. हे बघ. 'ज्यात वकील सेर्मेन्यो टोलेदोच्या कोर्टात कोंबड्याची बाजू मांडतो, आणि तिथे काय घडतं ते.'" त्याने तिथे कागदाचा कपटा खोचला आणि खंड काखेत मारला. "तिथे काय घडतं ते अख्ख्या स्पेनला ठाऊक आहे."

"अख्ख्या स्पेनने वाचलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," कासिल्दा म्हणाली, आणि पडद्याखाली इस्त्री ठेवली.

मंगळवारी चॉकलेट यायच्या आतच इलारिओ आत शिरला. त्याने नमुना टेबलावर आपटला, शेजारी खंड आपटला. एक बिस्किट खाली पडलं.

"सरकार, या चित्रावर डावीकडे माझं नाव नको! हे मी काढलेलं नाही. हे मंडळाने काढलंय, नाव मंडळाचंच घाला. मी एक हसतं चित्र आणलं होतं. तुम्ही त्याची विजार चढवलीत, त्याचा कोंबडा झोपवलात, त्याची कोळीण खिडकीकडे तोंड करून उभी केलीत, आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, मूळ ग्रंथाचं नाव घेतलंत! हा घ्या मूळ ग्रंथ. वाचा! डॉन फुल्हेन्सियो, तुम्हीच वाचा, मोठ्याने वाचा, आणि मग या सभेने सांगावं की लेखकाची अब्रू कुणी घेतली, त्याने की तुम्ही!"

डॉन फुल्हेन्सियो पांढरे पडले. मार्किसांकडे त्यांनी पाहिलं. मार्किसांनी छताकडे पाहिलं. सचिवांनी चष्मा लावला, खंड उघडला आणि विजारीला सामोरं जायला छाती भरून घेतली.

"'वकील सेर्मेन्यो उभे राहिले,'" ते वाचू लागले. "'सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे त्यांनी विजारीचा पट्टा... विजारीचा पट्टा दोन भोकं आत आवळला होता.'"

"येतंय," इलारिओ म्हणाला. "पुढे वाचा."

"'त्यांचा अशील टोपलीत झोपला होता.'"

"आता उठेल."

"'न्यायाधीश महाराज उजव्या तळहातावर हनुवटी टेकून केव्हाच झोपी गेले होते. एक बाई खिडकीबाहेर बघत उभी होती, कारण आत बघण्यासारखं काही नव्हतं. वकिलांनी बोलायला सुरुवात केली. न्यायमूर्ती, माझ्या अशिलाचं मौन हीच त्याच्या सज्जनपणाची...'"

"पुढे!"

डॉन फुल्हेन्सियो पुढे गेले. वकील बोलत होता. पान उलटलं, वकील बोलत होता. रोमन कायदा झाला, कोंबड्यांचा वारसाहक्क झाला, बायबलातल्या सान पेद्रोच्या कोंबड्याचा दाखला झाला. चॉकलेट आलं आणि निवलं. दर पानाला इलारिओ टेबलाच्या कडेवर थोडा अधिक वाकत होता, जणू तिथून हात घालून कोंबड्याला हुसकायचं होतं. साल्सेदोंनी उजव्या तळहातावर हनुवटी टेकली होती. त्यांचा खालचा ओठ किंचित सुटला होता.

"'...आणि कोर्ट जेवणासाठी उठलं,'" डॉन फुल्हेन्सियोंनी वाचलं. "'कोंबडा संध्याकाळी धर्मशाळेत जागा झाला.' प्रकरण संपलं."

"संपलं कसं? एखादं पान गळालंय! आवृत्ती बदलताना कुणीतरी कापलंय! पहिल्या आवृत्तीत बघा!"

"हीच पहिली आवृत्ती आहे, उस्ताद," डॉन फुल्हेन्सियो खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला जपून वापरायला दिली होती." त्यांच्या कपाळावर घाम होता. हातातल्या मिटलेल्या ग्रंथाकडे ते असे बघत होते, जणू त्यानेच त्यांच्या पट्ट्याला हात घातला होता.

टेबलावर नमुना पडला होता. उभा वकील, आवळलेला पट्टा. टोपलीत झोपलेला कोंबडा. तळहातावर हनुवटी. खिडकीशी पाठमोरी बाई. इलारिओने त्यात एकतरी चूक सापडावी म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं. नव्हती.

सगळ्यांत आधी मार्किस सावरले. ही माणसं उगाच मार्किस होत नाहीत.

"मंडळ पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतं," ते म्हणाले.

"अगदी हेच," सचिव म्हणाले. "शब्दशः."

"उस्ताद थोडे हट्टाला पेटले होते, पण कलावंतांचं असं चालायचंच. या ग्रंथातलं इतकं इमानी दुसरं चित्र नाही, अगदी लंडनवाल्यांचंही नाही. डाव्या कोपऱ्यात उस्तादांचं नाव ठळक घाला."

"नको!" इलारिओ ओरडला. "सरकार, नको! हे माझं नाही!"

"आणि उस्तादांच्या विनयाची वृत्तांतात नोंद घ्या," मार्किस म्हणाले.

टाळ्यांनी साल्सेदो जागे झाले. "मंजूर," ते म्हणाले.

घरी कासिल्दा पीठ मळत होती. पेटीचं झाकण उघडं होतं, आणि आतून वकील सेर्मेन्यो टेबलावर उभा राहून घोट्यापर्यंत उघडा पडला होता.

"काय झालं? घेतलं काढून नाव?"

"नाही. ठळक घालणार आहेत."

"मग तोंड का असं?"

त्याने खंड तिच्यापुढे टाकला आणि खुर्चीत बसला. तिने हाताचं पीठ झटकलं, कपट्यापाशी उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. ती हळू वाचायची, ओठ हलवून. तिने दोन-तीन पानं उलटली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"कशाला हसतेस?" इलारिओ खेकसला. "तिथे काही घडतच नाही!"

"तेच तर!" तिने डोळे पुसले. "अरे, तो बोलतोय, बोलतोय, आणि ज्याच्यासाठी बोलतोय तो घोरतोय! आणि याला पत्ताच नाही! हा तर तूच आहेस रे!" आणि ती खाली बसली.

इलारिओने त्याच्यासाठी काढून ठेवलेला सूपचा वाडगा पुढे ओढला. ते गार झालं होतं. त्याने तेच प्यायलं आणि कडेला बघत म्हणाला, "ते झाकणावरचं काढून टाक."

"ते राहू दे," कासिल्दा म्हणाली. "ते चांगलं आहे."

पुढल्या वर्षी चारही खंड निघाले. कागद जाड, अक्षर टपोरं, बांधणी लाल चामड्याची. दुसऱ्या खंडात टोलेदोच्या कोर्टाचं चित्र आपल्या पानासमोर चोख बसलं, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात आणि उजव्या कोपऱ्यात एकच नाव होतं. आवृत्ती हातोहात संपली. ग्राहकांची तक्रार एकच आली. ती सेविलहून आली, वॅलेन्सियाहून आली, लंडनहूनही आली: आमच्या प्रतीतलं विजारीचं चित्र कुणीतरी फाडून नेलं आहे.